जुन्या भग्नावशेषांच्या जलरंग चित्रांतली माणसं खरी की नुसती भरती?

नीलाक्षरी

अठराव्या शतकातली, म्हणजे निओक्लासिकल (प्राचीन ग्रीक-रोमन कलेकडे परत वळलेल्या) काळातली जलरंग चित्रं सध्या म्युझियमच्या साइट्सवर झूम करकरून बघतेय. ड्यूक्रो, क्लेरिसो, ह्युबेर रोबेर, हाकर्ट, इंग्रजांमधला विल्यम पार्स, असे बरेच जण. विषय बहुतेक एकच, रोम किंवा ग्रीस किंवा सिसिलीतलं एखादं पडकं देऊळ, कमान, थिएटर. दगडांचं काम इतकं नेमकं की स्तंभशीर्षावरचं एकेक पान मोजून घ्यावं, आणि त्याच चित्रात खाली बघितलं तर कोणी कपडे वाळत घालतंय, कोणी गुरं पाणवतंय, एक म्हातारा कमानीखाली पथारी टाकून झोपलाय, दोघं पत्ते खेळतायत, एखादी बाई मूल काखेला मारून चाललीय.

तर माझे प्रश्न असे. एक म्हणजे ही माणसं तिथे खरंच असायची का, की चित्र रिकामं दिसू नये म्हणून घातलेली? मला जरा शंका येते कारण तीच ती धुणाऱ्या बाईची पोझ दोन वेगळ्या चित्रकारांकडे दिसली, वाकलेली, पदराचं टोक खोचलेलं वगैरे. दुसरं, जर त्यांना प्राचीन वास्तुकलेचंच एवढं वेड होतं, प्रमाणं, ऑर्डर्स (म्हणजे खांबांच्या ठरलेल्या शैली), शुद्ध रूप वगैरे, तर मग ही धुणीभांडी त्यात हवीच कशाला? काढून टाकता आली असती की. आणि तिसरा प्रश्न चित्र काढणाऱ्यांसाठी, दगडावरचा तो स्वच्छ, पारदर्शक सावलीचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, कसा देत असतील? तीन-चार थर दिसतात पण कुठेही चिखल झालेला नाही.

ज्यांना या विषयातलं माहितीय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, मला घाई नाहीये.

---

पाथरवट

छान धागा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही खरंय, आणि कुठलं चित्र कुठल्या बाजूचं हे बऱ्याचदा चित्रावरूनच ओळखता येतं. रोमपुरतं लिहितो, कारण तेच मी जास्त बघितलंय.

आज आपण रोमन फोरम बघतो ते एक कुंपण घातलेलं, तिकीट काढून आत जायचं पुरातत्त्वाचं ठिकाण आहे. अठराव्या शतकात ते तसं नव्हतंच. त्या जागेला 'काम्पो वाक्चीनो' म्हणायचे, म्हणजे गुरांचं मैदान, आणि तिथे खरोखर गुरांचा बाजार भरायचा. जमीन आजच्यापेक्षा कितीतरी वर होती, शतकानुशतकांचा गाळ, राडारोडा, पडझड सगळं साचून. सेप्टिमियस सेव्हरसची कमान निम्मी गाडलेली, तिचा तळ १८०३ च्या सुमाराला पोप सातव्या पायसच्या काळात मोकळा केला. व्हेस्पेशियनच्या देवळाचे ते तीन खांब तर जवळजवळ शीर्षापर्यंत मातीत होते, म्हणजे माणूस उभा राहिला तर आपण आज ज्याकडे मान वर करून बघतो ते कोरीवकाम त्याच्या डोक्याच्या थोडंसंच वर. ते खणून काढलं फ्रेंचांच्या अमलात, १८१० नंतर. त्यामुळे चित्रात एखादा गुराखी स्तंभशीर्षाला टेकून बसलेला दिसला तर चित्रकाराने प्रमाण चुकवलंय असं समजू नका, तो खरंच तसा टेकू शकत होता!

आता एक गंमतशीर खूण सांगतो जी मी कायम बघतो. कॅस्टर-पोलक्सच्या देवळाचे जे तीन उंच खांब आहेत ना, त्यांच्या जवळ जुन्या चित्रांमध्ये एक मोठं गोल दगडी पात्र दिसतं आणि गुरं त्यात तोंड घालून पाणी पितायत. ते ग्रॅनाइटचं प्राचीन पात्र आहे, गुरांची डोण म्हणून वापरात होतं. १८१८ मध्ये ते तिथून उचलून क्विरिनाल टेकडीवरच्या चौकात नेलं, घोडे आवरणाऱ्या त्या दोन प्रचंड पुतळ्यांखाली, आणि आजही तिथे कारंजं म्हणून आहे. म्हणजे बघा, ज्या चित्रात ती डोण योग्य जागी आणि योग्य आकाराची आहे, तिथे गाय काल्पनिक असली तरी गाईची जागा काल्पनिक नाही.

अशा जागा आणखी होत्या. मार्सेलसच्या थिएटरच्या खालच्या कमानींमध्ये दुकानं, कारागिरांच्या खोपट्या, वर सरदार घराण्याचा वाडा, दुकानं हटवली ती थेट १९२६ नंतरच्या साफसफाईत. हेड्रियनच्या देवळाचे अकरा खांब जकात कचेरीच्या भिंतीत चिणलेले. आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे ऑक्टेव्हियाचा पोर्टिको, खांबांची प्राचीन ओसरी. तिथे शतकानुशतकं मासळी बाजार होता, प्राचीन संगमरवराच्या फळ्यांवर मासे मांडलेले, आणि भिंतीत लॅटिनमध्ये कोरलेली एक पाटी की या दगडापेक्षा लांब मासा आला तर त्याचं डोकं पहिल्या परांपर्यंत कापून नगराच्या अधिकाऱ्यांना द्यायचं. ती पाटी आहे अजून. आता अशा जागेचं चित्र कोणी काढलं आणि त्यात कोळीण, टोपल्या, मांजर नसेल तर उलट तेच चित्र खोटं म्हणायला हवं.

पण तुमची शंका रास्त आहे, पोझेस उचललेल्या असतातच. चित्राचा धंदा होता तो. ग्रँड टूरवर, म्हणजे युरोपातल्या शिक्षण-सहलीवर, आलेले श्रीमंत लोक आठवण म्हणून चित्र विकत न्यायचे, मागणी मोठी, तर कामाची वाटणी व्हायची. फ्रान्झ कायसरमान नावाचा स्विस चित्रकार रोममध्ये निसर्ग आणि इमारती रंगवायचा आणि त्याच्या चित्रांत माणसं भरायला बार्तोलोमिओ पिनेल्ली हा तरुण रोमन पोरगा असायचा. पिनेल्ली पुढे स्वतः प्रसिद्ध झाला ते रोमच्या गल्लीतल्या माणसांच्या चित्रांमुळेच, १८०९ मध्ये वेशभूषांची पन्नास चित्रं काढली त्याने. म्हणजे माणसं 'भरणारा' हा त्या सगळ्या मंडळींत रस्त्यावरचं आयुष्य सर्वात जवळून ओळखणारा होता! भरती आहे म्हणून ती खोटी असं सरळ गणित नाही होत ते.

---

तिरपी सावली

फक्त तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, बाकी पाथरवट यांनी मस्तच लिहिलंय.

आधी हे लक्षात घ्या की त्या काळी आपण आज म्हणतो तसं थेट रंगात चित्र काढणं कमी होतं. पद्धत अशी, आधी पेन्सिल, मग पेनाने बारीक शाईची रेघ, मग पूर्ण चित्राचा छायाप्रकाश नुसत्या करड्या रंगात, म्हणजे काळी शाई पाण्यात पातळ करून, आणि तो खडखडीत वाळल्यावर त्यावर रंगाचे पातळ वॉश. चित्राचं वजन सगळं त्या करड्या थरात असतं. रंग फक्त वरून पांघरलेला. म्हणूनच चिखल होत नाही, कारण गडदपणा आणायला रंगात रंग कालवायची वेळच येत नाही. दगडाची उन्हातली बाजू कोरी किंवा पिवळसर मातीच्या रंगाचा एक हात, सावलीतली बाजू करडा आणि त्यावर तोच पिवळसर हात, बस्स.

आर्किटेक्ट लोकांचं तर याहून कडक असायचं. उजेड नेहमी डावीकडून वरून ४५ अंशात, म्हणजे सावलीची लांबी बघून कॉर्निस (भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली कड) किती पुढे आलंय ते मोजता येतं. सावली तिथे मापाचंच काम करते. शाईची कांडी घासून, निवळून, अगदी पातळ करून, बोर्ड तिरका ठेवून वरून खाली वॉश ओढत आणायचा, खालच्या कडेला पाण्याचा थेंब कायम जिवंत ठेवायचा, तो वाळू द्यायचा नाही आणि मागे फिरून कुंचला लावायचा नाही. गोल खांबाला एका बाजूने गडद होत जाणारा वॉश द्यायला दोन कुंचले, एकात शाई एकात नुसतं पाणी. एकच गडद हात देण्याऐवजी आठ-दहा फिके हात. वेळखाऊ आहे पण तेच गुपित आहे.

कागदाचाही मोठा वाटा आहे. जुन्या कागदावर जाळीच्या उभ्या-आडव्या रेषा उमटायच्या आणि वॉश त्या खाचांत साचायचा. इंग्लंडात व्हॉटमनने विणलेल्या जाळीवरचा, रेषा नसलेला कागद काढला, त्याचा पहिला गाजलेला वापर १७५७ च्या एका छापील पुस्तकात झाला आणि पुढे जलरंगवाल्यांचं नशीबच उघडलं. रंगाच्या तयार वड्या रीव्हज बंधूंनी आणल्या, १७८१ मध्ये त्यासाठी त्यांना चांदीचा पॅलेट बक्षीस मिळाला. त्याआधी रंग घासा, डिंकात खला, हे सगळं स्वतः.

ड्यूक्रो मात्र या सगळ्यात वेगळा, त्याचे कागद प्रचंड, एकाला एक ताव चिकटवून केलेले, गडद जागी डिंकाचा हात, मध्येच अपारदर्शक रंग, त्याला तैलचित्राच्या तोडीचा खोल काळोख हवा होता. त्याच्याकडून वॉश शिकू नका, नाट्य शिका.

आणि एक, स्क्रीनवर दिसणाऱ्या आकाशावर फार विश्वास ठेवू नका. नीळ उडते. आकाशात नीळ आणि तांबूस रंग मिसळलेला असेल तर उजेडाने निळा उडून जातो आणि मागे गुलाबी-करडं आभाळ उरतं, लोकांना वाटतं काय सुंदर संध्याकाळ रंगवलीय. म्हणूनच म्युझियममध्ये जलरंग ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात आणि ठरावीक काळच लावतात.

---

आडवाट

ग्रीसचा मुद्दा यायला हवा. दुसरा प्रश्न, की ही धुणीभांडी काढून का नाही टाकली, त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर अथेन्समध्ये मिळतं.

जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट हे दोघे इंग्रज वास्तुकार १७५१ मध्ये अथेन्सला पोचले, तेव्हा ते ऑटोमन साम्राज्यातलं एक लहानसं शहर. मापं घेणं रेव्हेटकडे, दृश्यं रंगवणं स्टुअर्टकडे. स्टुअर्ट गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, जागेवर बसून रंगवायचा. अथेन्सच्या प्राचीन वास्तूंवरच्या त्यांच्या पुस्तकाचा पहिला खंड आला १७६२ मध्ये आणि त्याची रचना मला फार आवडते. प्रत्येक इमारतीच्या प्रकरणाची सुरुवात होते ती जशी आहे तशी, आजूबाजूची घरं, भिंती, माणसं यांच्यासकट एका दृश्याने, आणि त्यानंतर येतात मापाची चित्रं, ज्यांत एकही माणूस नाही, इमारत जणू काल बांधून झालीय. म्हणजे 'आत्ता काय आहे' आणि 'मुळात काय होतं' हे दोन वेगळे कागद. कशात काय बघायचं हे वाचकाला स्वच्छ कळतं.

हे त्याने इतकं हट्टाने केलं त्यामागे भांडणही होतं. ल रॉय नावाच्या फ्रेंच माणसाने १७५८ मध्येच ग्रीसच्या भग्नावशेषांचं पुस्तक काढून बाजी मारली होती. त्याची चित्रं देखणी होती पण घाईत केलेली, मग स्टुअर्टने आपल्या पुस्तकात त्याच्या चुका एकेक करून काढल्या. त्यामुळे आपलं दृश्य खरं आहे हे दाखवणं स्टुअर्टला भाग होतं, आणि खरं दाखवायचं तर समोरचं घर पुसून कसं चालेल.

त्या चित्रांत काय काय आहे बघा. लिसिक्रेटसचं स्मारक, इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं, ते चक्क कापुचिन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या मठाच्या भिंतीत अडकलेलं आणि साधू ते खोलीसारखं वापरायचे. वाऱ्यांचा मनोरा दरवेशांच्या ताब्यात, आत त्यांचा फेर चालायचा. एरेक्थिऑनच्या दृश्यात स्टुअर्टने स्वतःलाच काढलंय, स्थानिक पेहरावात, चित्र काढत बसलेला. पार्थेनॉनमध्ये १६८७ च्या वेढ्यात व्हेनिसवाल्यांच्या तोफगोळ्याने दारूगोळ्याचा साठा उडाला, मधला भाग कोसळला, आणि त्या मोकळ्या जागेत नंतर एक छोटी मशीद बांधली गेली, ती या चित्रांत दिसते. विल्यम पार्स १७६० च्या दशकात डिलेटांटी सोसायटी या प्राचीन कलेच्या इंग्रज शौकिनांच्या मंडळाच्या मोहिमेबरोबर गेला होता, त्याच्या जलरंगातही ती आहे, खांबांच्या मध्ये तिरकी बसलेली, तिचा अक्ष देवळाच्या अक्षाशी जुळत नाही कारण ती मक्केकडे तोंड करून आहे. हा एवढासा तिरकेपणा चित्रकाराने जपलाय. त्याला देखावाच हवा असता तर त्याने ती सरळ केली असती किंवा गाळली असती.

आता ती मशीद नाही. अक्रोपोलिसवरची घरं नाहीत. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर १८३४ पासून टेकडी 'प्राचीन' करायचं काम सुरू झालं, मशीद गेली, तटबंदीची घरं गेली, शेवटी १८७५ मध्ये मध्ययुगीन मनोरासुद्धा पाडला, त्याचे पैसे श्लीमान या जर्मन पुरातत्त्ववाल्याने दिले. आज आपण बघतो तो मोकळा, पांढरा, एकटा पार्थेनॉन हा एकोणिसाव्या शतकात घडवलेला आहे. त्याआधी तिथे माणसं कशी राहत होती हे बघायचं तर ही जलरंग चित्रंच आहेत.

जाता जाता एक किस्सा. १८०५ मध्ये एडवर्ड डॉडवेल आणि त्याचा चित्रकार साथीदार पोमार्दी अक्रोपोलिसवर कॅमेरा ऑब्स्क्युरा (समोरच्या दृश्याची प्रतिमा आत पाडणारी पेटी) लावून चित्रं काढत होते, तेव्हा किल्ल्याचा अधिकारी येऊन सतत पैशासाठी त्रास द्यायचा. त्याने पेटीत पार्थेनॉनची प्रतिमा बघितली आणि चाटच पडला. डॉडवेलने त्याला सांगितलं की फार त्रास दिलास तर तुलाही पेटीत घालीन. मग पुन्हा त्याने त्रास दिला नाही. हा सगळा प्रसंग डॉडवेलने स्वतः लिहून ठेवलाय.

---

दगडफूल

सगळे प्रतिसाद आवडले पण एक बाजू सुटतेय असं वाटतं, म्हणून लिहिते.

ही चित्रं फार निरागस समजू नका. त्यातल्या बऱ्याच चित्रांत मागे भव्य प्राचीन इमारत आणि पुढे आळसावलेली, झोपलेली, पत्ते कुटणारी माणसं अशी मांडणी असते आणि ती योगायोगाने नसते. बघणारा इंग्रज किंवा फ्रेंच उमराव, त्याला सांगितलं जातंय की बघा, पूर्वज कसे होते आणि वंशज कसे निघाले, या वारशाची खरी कदर तुम्हालाच. पुढे मूर्ती आणि शिल्पं काढून नेताना हाच युक्तिवाद कामी आला, आम्ही वाचवतोय म्हणून. लॉर्ड एल्गिन या इंग्रज वकिलाच्या माणसांनी १८०१ पासून पार्थेनॉनवरची शिल्पं काढून नेली, त्याच्या मागे चित्रांनी घडवलेली ही नजर आहे, माझं तरी तसं स्पष्ट मत आहे.

आणि कोण काम करताना दिसतं तेही बघा. खणणारे मजूर चित्रात क्वचित येतात. चुनाभट्ट्या तर जवळजवळ नाहीतच, जेव्हा की शतकानुशतकं प्राचीन संगमरवर जाळून चुना केला जायचा, इमारतींच्या नाशाचं ते मोठं कारण आहे. ते दिसायला सुंदर नाही म्हणून ते नाही. धुणारी बाई सुंदर दिसते म्हणून ती सगळीकडे. रोबेरचंच घ्या, १७५४ ते १७६५ इटलीत राहिला, त्याच्या धुणाऱ्या बायका कुठल्याही पाण्याजवळ सापडतात, देऊळ कुठलंही असो. त्याने तर इमारतीही हव्या तशा शेजारी शेजारी आणून ठेवल्या, त्या प्रकाराला काप्रिचो म्हणतात आणि तो राजरोस मान्य होता. तेव्हा दैनंदिन जीवनाचा पुरावा म्हणून वापरायचं असेल तर चित्रकार-चित्रकारात फरक करायलाच हवा.

---

नीलाक्षरी

बापरे, इतकं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! तिरपी सावली, तो करडा थर आधी देण्याचा मुद्दा वाचून लगेच परत झूम करून बघितलं आणि पार्सच्या एका चित्रात पिवळ्या वॉशच्या कडेला खालचा करडा अगदी डोकावताना दिसला.

दगडफूल ताई, तुमचा मुद्दा पटला. पण मग असे कोणी होते का ज्यांना माणसं आणि त्यांची कामं हाच विषय इमारतीइतका महत्त्वाचा वाटला? म्हणजे जिथे गवळण धुणारीण भरायची म्हणून भरलेली नाही, तर ती काय करते ते खरंच बघितलंय?

---

आडवाट

हो, झां-पियेर वेल. रुआँचा, जन्म १७३५. हा माणूस १७७६ ते १७७९ सिसिलीत हिंडला आणि त्याने मग १७८२ ते १७८७ मध्ये चार मोठे खंड काढले, सिसिली, माल्टा आणि लिपारी बेटांवर. मूळ गुआश चित्रांतली अडीचशेहून जास्त रशियाच्या कॅथरीन राणीने विकत घेतली, ती पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहेत, काही लूव्रमध्ये.

वेलकडे देऊळ आहे, देवळाचा प्लॅन आहे, पण त्याच गांभीर्याने टूना मासेमारीची जाळी कशी लावतात ते आहे, झाडाच्या खोडाला चिरा देऊन मन्नाचा गोड चीक कसा काढतात ते आहे, पालेर्मोच्या संत रोझालियाच्या उत्सवाचा रथ आहे, ज्वालामुखीचा दगड आहे. एखादं अवजार असेल तर ते कसं धरतात, दोर कुठून जातो हे कळतं. दगडफूल म्हणतात त्या आळशी माणसांच्या मांडणीपेक्षा हे अगदी वेगळं, इथे माणसं कामात आहेत आणि त्यांचं काम समजून घेतलेलं आहे.

सिराक्यूसचं ग्रीक थिएटर त्या काळच्या चित्रांत बघा. दगडात कोरलेल्या पायऱ्यांवर पाणचक्क्या होत्या! प्राचीन पाटाचंच पाणी वरून यायचं, त्यावर चक्की फिरायची आणि पाणी पायऱ्यांवरून खाली धावायचं. लोक तिथे नाटक बघायला नव्हे तर दळण घेऊन जात होते. असं दृश्य कोणी मनाने रचणार नाही, ते बघूनच काढावं लागतं. त्याच गावात अथेनाच्या देवळाचे डोरिक (साध्या, जाड शैलीचे) खांब कॅथेड्रलच्या भिंतीत बसलेले आहेत, ते तर आजही जाऊन बघता येतात.

---

पाथरवट

वेलला पूर्ण अनुमोदन. त्यात दोन भर घालतो.

एक, क्लेरिसो. १७५७ मध्ये स्कॉटिश वास्तुकार रॉबर्ट ॲडमबरोबर तो आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटला गेला, रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा मोजायला, जेमतेम पाच आठवडे काम, तेही तिथल्या गव्हर्नरला हे लोक हेर आहेत असा संशय आल्यामुळे कटकटींत. पुस्तक आलं १७६४ मध्ये. तिथली मजा ही की राजवाड्याच्या आत अख्खं गाव वसलेलं आहे, सातव्या शतकापासून, सम्राटाची समाधी हे गावाचं कॅथेड्रल आणि खांबांनी वेढलेला अंगण-चौक हा गावाचा चौक. तिथे माणसं वगळून इमारत दाखवताच येत नाही, कारण खांबांच्या मधल्या जागा भिंती घालून, खिडक्या काढून लोकांनी घरं केलीयत. ॲडमने दोन्ही दिलं, आहे तसा चौक आणि मूळ राजवाडा कसा असेल त्याची मांडणी. क्लेरिसोची हजाराच्या वर चित्रं पुढे कॅथरीननेच घेतली, वेलच्या आधीच.

दुसरं नाव क्वारेंगी. हा स्वतः पक्का निओक्लासिकल आर्किटेक्ट, पीटर्सबर्गमधलं हर्मिटाज थिएटर आणि विज्ञान अकादमी त्याची. कामात सरळ खांब, त्यांच्या माथ्यावर त्रिकोणी पेडिमेंट, कुठे नक्षीचा सोस नाही. पण हाच माणूस १७९७ च्या सुमाराला मॉस्कोत गेला तर क्रेमलिनची जुनी चर्चेस, कांद्याच्या आकाराचे घुमट, बाजारातले विक्रेते, घोडागाड्या असं सगळं मन लावून रंगवतो. त्याच्या शास्त्रात ती वास्तुकला बसतच नव्हती. तरी प्रत्येक घुमटाचा उतार, जिन्यावरचं छप्पर, त्याखाली उभे असलेले लोक, सगळं नीट. मला हे पाहून फार आदर वाटतो त्याच्याबद्दल.

---

दगडफूल

मग इथे गंगाराम तांबटांचं नाव घ्यायलाच हवं. गंगाराम चिंतामण तांबट, पुण्याचे, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी काम करायचे. १७९० च्या दशकात त्यांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रं केली, मॅलेटने लेण्यांवर जो लेख छापला त्यात त्यांच्या चित्रांवरून केलेल्या प्लेट्स आहेत. याच काळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता, तो १७९५ मध्ये वारला आणि त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून नंतर थॉमस डॅनियलने प्लेट्स काढल्या. तांबटांनी लेण्यांबरोबरच पहिलवान, कारागीर, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा असंही काढलंय. युरोपियन वॉश आणि पर्स्पेक्टिव्ह शिकलेला हात, पण समोरची माणसं त्याच्या रोजच्या ओळखीची. वर जो मी नजरेचा मुद्दा काढला त्याचं हे दुसरं टोक म्हणून बघा. त्यांची बरीच चित्रं आता येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत आणि ऑनलाइन दिसतात.

---

तिरपी सावली

मापं घेणाऱ्या माणसाचं चित्र कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. लंडनच्या सोन म्युझियममध्ये हेन्री पार्कचं १८१९ चं जलरंग आहे, वास्तुकार जॉन सोन रॉयल अकादमीत लेक्चर द्यायचा त्यासाठी केलेलं. कॅस्टरच्या देवळाचं कॉरिंथियन (पानांच्या नक्षीचं) शीर्ष, त्याला टेकवलेली उंचच उंच शिडी, आणि शिडीच्या टोकावर कोट आणि उंच हॅट घातलेला एक विद्यार्थी मोजपट्टी धरून कॉर्निसपर्यंत हात लांबवतोय. शिडी बघूनच पोटात गोळा येतो. पण शीर्षावरचं पान माणसाच्या तुलनेत केवढं मोठं आहे हे त्या एका आकृतीने जेवढं कळतं तेवढं कुठल्याही आकड्याने कळत नाही. विद्यार्थ्यांना शिकवायचंय म्हणून ती आकृती तिथे आहे.

फ्रेंच अकादमीचे रोममधले विद्यार्थीही हेच करायचे, एका प्राचीन इमारतीची आजची अवस्था एका कागदावर आणि मूळ स्वरूप दुसऱ्यावर, प्रचंड आकाराचे वॉश. तिथे मात्र माणूस शोधून सापडत नाही बऱ्याचदा.

---

नीलाक्षरी

आता शेवटचं विचारते, सुरुवात कुठून करू? म्हणजे एखादं चित्र समोर आलं की तुम्ही लोक नक्की काय क्रमाने बघता?

---

पाथरवट

मी आधी जमिनीची पातळी बघतो. खांबाचा किती भाग मातीवर आहे, तळखडा दिसतो का. रोमचं असेल तर त्यावरून उत्खननाच्या आधीचं की नंतरचं ते लगेच कळतं. मग पाणी कुठून येतंय, डोण, कारंजं, विहीर, कारण माणसं आणि गुरं पाण्याभोवतीच असतात आणि चित्रकाराने जागा खरी बघितली असेल तर पाणी खऱ्या जागी असतं. मग इमारतीला नंतर जोडलेल्या गोष्टी, चिणलेली कमान, लाकडी छज्जा, धुराने काळी झालेली भिंत, दोरी बांधायला ठोकलेला खुंटा. यातली एखादी जरी बारीकशी गोष्ट दिसली तर मी त्या चित्रातल्या माणसांवर विश्वास ठेवायला लागतो. माणसं सगळ्यात शेवटी.

आणि सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवरचे ड्यूक्रोचे १७७८ चे अल्बम उघडा. काही डच गृहस्थांबरोबर तो दक्षिण इटली, सिसिली, माल्टा फिरला आणि प्रवासातच सुमारे ३०० चित्रं केली. विकायची मोठी नाटकी चित्रं तो नंतर करू लागला, ही त्याच्या आधीची, साधी, रोजच्या रोज काढलेली. काहींत हे प्रवासी स्वतःही आहेत. हाय रेझोल्यूशन डाउनलोड फुकट आहे, मोठ्या स्क्रीनवर बघा, मोबाइलवर नको.

---

नीलाक्षरी

उघडलं! पानं उलटत बसते आता, ज्या चित्रांत अडेन ती इथेच विचारीन. तिरपी सावली, करड्या थराची माझी पहिली प्रॅक्टिस या आठवड्यात टाकते, साधा एक डोरिक खांब, सावली डावीकडून वरून. बघून सांगा.

---

तिरपी सावली

टाका नक्की. कागद आधी बोर्डवर ताणून घ्या, नाहीतर तिसऱ्या हाताला फुगेल आणि वॉश खड्ड्यात साचेल. आणि डोरिक घेताय तर खाचांच्या कडा शेवटपर्यंत कोऱ्या ठेवा, त्या नंतर पांढऱ्याने काढायला जाऊ नका.